खडा पित्ताशयाचा, दुखणे स्वादुपिंडाचे

श्रोतेहो, नमस्कार. पित्ताशयातला एखादा बारीक खडा पित्तनलिकेत उतरून, जिथे तिला स्वादुपिंडाची नलिका येऊन मिळते त्या तोंडाशी अडकला, की स्वादुपिंडाला सूज येते आणि वरच्या पोटातून थेट पाठीत जाणारी असह्य कळ उठते. अशा वेळी थंड दूध आणि ओवा यांवर रात्र काढण्याची आपल्या घरांतली हौस मला कधीच उमगलेली नाही. रुग्णालयात सलाइन आणि वेदनाशामके यांनी बहुतेकांची सूज उतरते. पण खडे पित्ताशयातच असतात, म्हणून ते काढावे लागते. ध्यानात असू द्यावे, शस्त्रक्रिया पित्ताशयावर होते, स्वादुपिंडावर नव्हे.

पूर्वी त्यासाठी बरगड्यांखाली वीतभर छेद घेत. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतील ब्योब्लिंगेन येथे एरिख म्यूहे या शल्यविशारदाने पोटात वायू भरून, खास बनवून घेतलेल्या दुर्बिणीतून पाहत पित्ताशय बाहेर काढले. पुढल्या वर्षी त्यांनी हा अनुभव जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत मांडला, तेव्हा मोठ्या छेदाला मोठेपणा मानणाऱ्या त्या मंडळींनी 'मिकी माउस शस्त्रक्रिया' म्हणून त्यांची टर उडवली. विद्वानांच्या सभेत नव्या गोष्टीचे स्वागत बहुधा असेच होते, मग ती सभा वैद्यकाची असो वा साहित्याची! आणि गंमत पाहा, १९९२ मध्ये त्याच संघटनेने म्यूहे यांचा गौरव केला. तोवर हे तंत्र मुंबईत पोहोचलेही होते. जे. जे. रुग्णालयात १९७२ पासून दुर्बिणीने रोगनिदान करणाऱ्या डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये तेथेच भारतातील अशी पहिली पित्ताशय-शस्त्रक्रिया केली. हे तंत्र श्रीमंतांचे लाड नसून, लवकर कामावर परतावे लागणाऱ्या गरिबाच्या अधिक उपयोगाचे आहे, असे ते आग्रहाने सांगत; आणि ते खरेच आहे.

आता मुद्दा वेळेचा. सूज सौम्य असेल, तर पित्ताशय त्याच मुक्कामात काढावे. पुन्हा सांगतो, डिस्चार्जपूर्वी, त्याच मुक्कामात. नेदरलँड्समधील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घरी पाठवून सुमारे महिनाभराने शस्त्रक्रियेला बोलावलेल्यांपैकी १७ टक्के रुग्णांना खड्यांमुळे पुन्हा गंभीर त्रास झाला, तर त्याच मुक्कामात शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. सूज तीव्र असेल किंवा स्वादुपिंडाभोवती पाणी साचले असेल, तर मात्र ते ओसरेपर्यंत, बहुधा सहा आठवडे, डॉक्टर थांबतात. आणि नलिकेत अडकलेल्या खड्याने कावीळ झाली असेल, तर तोंडावाटे दुर्बीण घालून तो आधी काढतात.