अनोळखी सात ते आठ जण

[दृश्य: पहाट. मैदानावर धुकं. ओल्या मातीत बुटांचे ठसे.]

सकाळचे पावणेसहा. शिवाजी पेठेतलं गांधी मैदान. थंडी मरणाची आहे, पण पोरं आलीत. कुणी घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळतोय, कुणी सायकल भिंतीला लावून बुटाच्या नाड्या आवळतोय. कोल्हापुरातल्या एका कॉलेजचा हा फुटबॉल संघ. कॉलेजचं नाव आम्ही घेणार नाही. पोरांचे चेहरेही दिसणार नाहीत. का, ते पुढं येईलच.

आम्ही आलो होतो वेगळ्याच कामाला. तालमीच्या फुटबॉलवर सगळे बोलतात, कॉलेजच्या फुटबॉलकडं कुणी बघत नाही, म्हणून एका संघाचा एक हंगाम टिपायचा, एवढंच ठरलं होतं.

[दृश्य: खासबाग मैदानाचं प्रवेशद्वार. तिथून पेठेतल्या एका तालमीची पाटी. आत हौदा, बाहेर वाळत घातलेल्या जर्सी.]

हे गाव कुस्तीचं. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागचं मैदान 1912 पासून उभं आहे. पण याच गावात तालीम म्हटलं की लाल मातीच्या जोडीनं फुटबॉलही आठवतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस. तालमींच्या संघांची ही नावं बाहेरच्या माणसाला कळत नाहीत. इथल्या पोराला मात्र शाळेत नाव घालायच्या आधी आपली तालीम कुठली ते ठाऊक असतं. इथल्या फुटबॉलच्या स्पर्धा भरवणारं कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपलं केएसए, 1940 पासून आहे. फायनलला शाहू स्टेडियमवर जाऊन बघा. आजोबा, बाप आणि नातू एकाच पायरीवर बसलेले असतात आणि तिघांचाही आवाज बसलेला असतो. 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तेव्हा या पेठांनी घरातलं पोरगं खेळतंय म्हणून रात्री जागवल्या.

कॉलेजचा संघ म्हणजे या सगळ्या तालमींची सरमिसळ. केएसएच्या हंगामात जी पोरं एकमेकांच्या पायात पाय घालतात, तीच विद्यापीठाच्या झोनलला, म्हणजे कॉलेजांच्या विभागवार स्पर्धेला, एका रंगाची जर्सी घालून उतरतात. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे. आधी झोनल, मग इंटरझोनल, तिथून निवड झाली तर विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. पोरांना ही पायरी फार मोठी वाटते, कारण खेळाडू म्हणून नोकरीचा अर्ज भरताना हीच प्रमाणपत्रं पुढं ठेवायची असतात.

आणि संघ सरमिसळ असला की पाठीराखेही सरमिसळ. डावीकडच्या पायऱ्यांवर एका पेठेचे, उजवीकडं दुसऱ्या पेठेचे. गोल झाला की एक. हे लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं ते याच फटीतून आत शिरलं.

[दृश्य: झोनलची सेमीफायनल. पेनल्टी. कीपर उजवीकडं झेपावतो. चेंडू पंजावर. आवाज तसाच राहू द्यावा.]

[दृश्य: रंकाळा स्टँड, रात्र. गगनबावड्याकडची एसटी.]

त्याच रात्री नऊची गाडी. पाठीवर सॅक घेतलेला पोरगा म्हणजे मघाचा कीपर. गावाकडं त्यांच्या उसाला तोड आली होती. कारखान्याची टोळी आपल्या सवडीनं येत नाही, ती आली की घरातलं जेवढं माणूस असेल तेवढं रानात लागतं.

रात्री अकराच्या सुमारास शहरात एका चहाच्या गाडीजवळ दोन गटांत मारामारी झाली. एका तरुणाच्या डोक्याला जबर मार लागला. तो नऊ दिवस दवाखान्यात होता. त्याच्या घरच्यांना कॅमेऱ्यापुढं यायचं नव्हतं. आम्ही आग्रह केला नाही.

सकाळी गुन्हा दाखल झाला. फिर्यादीत लिहिलं होतं, 'अनोळखी सात ते आठ इसम, त्यापैकी काहींच्या अंगात निळ्या रंगाचे टी-शर्ट.'

संघाची जर्सी निळी आहे.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर फिर्यादीची प्रत. बोट वर सरकतं, थांबतं. 'निळ्या' या शब्दावर मोठं होतं.]

सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशापासून, संवेदनशील गुन्हे सोडले तर, फिर्याद चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावी लागते. चांगली गोष्ट आहे, पोलिसांनी काय लिहून घेतलं ते लोकांना दिसतं. पण ती प्रत दुपारपर्यंत सगळ्या पेठांच्या मोबाइलवर पोचली आणि 'अनोळखी' हा शब्द कुणाला सोसवेना. सात ते आठ जागा रिकाम्या होत्या. संघात पोरं अठरा.

[दृश्य: तालमीचा कट्टा, संध्याकाळ. चहाचे कप. चेहरे अंधारात. मूळ आवाज.]

'भावा, आतली बातमी हाय. दोघांना उचलल्यात.'
'कुणी सांगिटलं?'
'त्याचा मामा पोलिसात हाय.'
'कीपर दिसंना झालाय बघ दोन दिवस. आता काय ते समज.'
'आमच्या तालमीचं न्हाई ते. तिकडचंच असणार.'

शेवटचं वाक्य परत ऐका. तिकडचंच असणार. आम्ही चार कट्ट्यांवर बसलो आणि चारही ठिकाणी हेच ऐकलं. डावीकडच्या पायऱ्यांना खात्री होती की पोरं उजवीकडची, उजवीकडच्यांना खात्री की डावीकडची. हे लोक वाईट नाहीत. यांनीच वर्गणी काढून संघाला बूट घेऊन दिलेत. इंटरझोनलला आपला संघ जाईल की नाही या काळजीनं त्यांना झोप नव्हती. पण त्या काळजीपोटी रोज एक नवं नाव बाहेर पडत होतं, आणि ते नाव कुणाच्या तरी पोराचं होतं.

[दृश्य: संघाचा फोटो. संथपणे जवळ जात. चेहरे झाकलेले.]

हा फोटो स्पर्धा सुरू व्हायच्या आधी काढलाय. नऊ जण उभे, नऊ बसलेले, मध्ये चेंडू. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा फिरायला लागला, तेव्हा त्यात दोन चेहऱ्यांभोवती लाल गोल होते. बोटानं काढलेले, वाकडेतिकडे. त्यातला एक गोल कीपरचा. दुसरा गोल काढताना हात घसरलाय, त्याची रेघ शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या गालावरून गेलीय. संध्याकाळपर्यंत त्या रेघेमुळं दोनाचे तीन झाले.

ज्याच्या गालावर रेघ होती तो सतरा वर्षांचा आहे, प्रथम वर्षाला. गुन्ह्यात अठरा वर्षांखालचं मूल संशयित असो, पीडित असो की नुसतं साक्षीदार, त्याची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नं मनाई आहे. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. फोटो पुढं पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत होतं? आम्ही सगळेच चेहरे झाकलेत ते यासाठी.

[दृश्य: नोटिशीचा कागद, नाव झाकलेलं. हातात घडी घालून उघडून मऊ पडलेला.]

चौथ्या दिवशी सहा पोरांना पोलीस ठाण्यातून नोटिसा आल्या. गावात झालं, वॉरंट निघालं. वॉरंट कसलं? 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे. तिच्या कलम 179 खाली, ज्याला गुन्ह्याची काही माहिती असावी असं वाटतं त्याला पोलीस जबाबासाठी बोलावतात. ही साक्षीदाराची नोटीस. ज्याच्यावर संशय आहे पण अटकेची गरज नाही, त्याला कलम 35 ची नोटीस जाते. तीही अटक नाही. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, म्हणून एक पोरगा सही न करता बाहेर आला, तर 'सहीला नकार दिला' अशी बातमी झाली. साक्षीदार, संशयित, आरोपी, गुन्हेगार या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीवर फक्त न्यायालय नेऊ शकतं. तपास कुठवर आला हे फिर्याद देणाऱ्याला कळवायला कायदा पोलिसांना 90 दिवस देतो. कट्ट्यानं चार दिवसांत निकाल लावला होता.

या सहाही पोरांना आलेला कागद 179 चा होता.

[दृश्य: कॉलेजची वर्गखोली. फळ्यावर दोन ओळी: 'ड्यूक 2006' आणि 'पेन स्टेट 2011'.]

हा वर्ग संघाच्या क्रीडाशिक्षकांनी घेतला. प्रॅक्टिस बंद ठेवून. बाकांवर पोरं, आणि मागं उभे आहेत ते पेठेतले पाठीराखे. सरांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

सरांनी आधी सांगितलं अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघाचं. लॅक्रॉस म्हणजे जाळीच्या काठीनं चेंडू खेळायचा खेळ. 2006 साली खेळाडूंवर बलात्काराचा आरोप झाला. संघातल्या पोरांचे फोटो छापलेली पत्रकं विद्यापीठात वाटली गेली. प्रशिक्षकाला जावं लागलं, हंगाम रद्द झाला. एप्रिल 2007 मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी तिघा आरोपी खेळाडूंवरचे आरोप मागं घेतले आणि ते निर्दोष आहेत असं जाहीर सांगितलं. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाची सनद गेली.

मग दुसरी ओळ. पेन स्टेट, फुटबॉल, म्हणजे त्यांचा अमेरिकन फुटबॉल. माजी सहप्रशिक्षकावर मुलांच्या लैंगिक शोषणाचा आरोप आला आणि नोव्हेंबर 2011 मध्ये मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना विद्यापीठानं काढलं. त्यांच्यासाठी हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले, वृत्तवाहिनीची गाडी उलथवली. पुढच्या जूनमध्ये तो सहप्रशिक्षक, जेरी सँडस्की, 45 आरोपांत दोषी ठरला. त्या रात्री रस्त्यावर त्या मुलांची आठवण किती जणांना होती, असं सरांनी विचारलं. मागच्या रांगेतलं कुणी बोललं नाही.

कॅमेरा तिथंच ठेवलाय. हाताची घडी घालून उभा आहे तो तरुण बघा. फोटो त्याच्याही मोबाइलमधून पुढं गेला होता. वर्ग संपल्यावर त्यानं आमच्यासमोर तो पुसला.

[दृश्य: रंकाळा स्टँडवरची तीच क्लिप, कोपऱ्यात वेळ: 9.04.]

ही क्लिप आम्ही तपास अधिकाऱ्यांकडं दिली. त्यांनी ती शांतपणे दोनदा पाहिली, जबाब घेतला, पोच दिली. पुढं दोषारोपपत्रात चार नावं आली, संघातलं एकही नाही. त्यातले दोघे संघाचे पाठीराखे, जर्सीची नक्कल घालून मॅचला येणारे. खटला न्यायालयात आहे. कॉलेजनं त्या वर्षी इंटरझोनलला संघ पाठवला नाही. कीपरनं खेळ सोडला.

[दृश्य: उसाचं रान, दुपार. कोयत्याचे आवाज. पाचटावर ऊन.]

गगनबावडा रस्त्यावरचं हे त्यांचं रान. तिसऱ्या दिवशीच्या दुपारी आम्ही त्याच्याबरोबर होतो, तोडीचं चित्रण करायला. रानात मोबाइलला रेंज नव्हती. फोटो फिरायला लागून तेव्हा चार तास झाले होते, आणि आमच्यापैकीही कुणाला पत्ता नव्हता.

मोळी डोक्यावर घेऊन तो फळीवरून ट्रॉलीत चढतो. खाली येतो, हाताला लागलेलं कुसळ दातानं काढतो, वाढ्याचा तुकडा मोडून शेळीपुढं टाकतो. मग कॅमेऱ्याकडं वळून विचारतो.

[मूळ आवाज. निवेदन नाही.]

'उद्या प्रॅक्टिस किती वाजता हाय वो?'