रोडगे आणि टोमणे

(दृश्य : पहाट. देवळामागं रचलेल्या गोवऱ्या. धूर.)

परभणी जिल्ह्यातलं गोदाकाठचं हे गाव. एका घरचा नवस फिटलाय, म्हणून आज मारुतीच्या देवळामागं रोडग्यांची पंगत आहे.

गहू जाडसर दळून आणलाय. पिठात मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन. पीठ घट्ट मळायचं, इतकं घट्ट की मनगटाच्या शिरा वर याव्यात. छोट्या गोळ्याला तेलाचा हात लावायचा, त्यावर दुसरी पारी चढवायची, तिच्यावर तिसरी. असे थर देत हा मुठीएवढा रोडगा वळला जातो. गोवऱ्यांचा धूर संपून नुसता विस्तव उरला की रोडगे त्यात पुरायचे आणि अधूनमधून उलटत राहायचे. कवच कडक झालं की राख झटकायची, फडक्यानं चोळायचं, फोडायचं आणि वरून तूप.

आम्ही आलो होतो हे भाजणं टिपायला. पण भाजून होईपर्यंत बायकांना बोलायला वेळच वेळ असतो आणि माईक चालू होता. त्या दोन तासांत जे कानावर आलं, त्यानं या फिल्मचा विषयच बदलला.

(दृश्य : विस्तवाभोवती बसलेल्या बायका. एक काळा पडलेला रोडगा.)

धाकट्या जावेचा एक रोडगा करपलाय. थोरलीनं तो उचलला, सगळ्यांना दाखवला आणि म्हणाली, "ह्यो देवापुढंच ठिवा गं. मानसाचे दात एवढे घट नसतेत."

ऐकायला मान दिलाय. नैवेद्याचा मान. संस्कृत साहित्यशास्त्रात याला व्याजस्तुती म्हणतात : वरून स्तुती, आतून निंदा. यातल्या 'व्याजा'चा सावकाराशी संबंध नाही, इथं व्याज म्हणजे सोंग, निमित्त. थोरली शाळेत किती शिकली ते आम्ही विचारलं नाही. अलंकार मात्र तिनं अचूक वापरला.

आता धाकटीकडं बघा. हात थांबलेले नाहीत. मान वर न करता ती म्हणते, "हाव अक्का. आन तुमचा कच्चा ऱ्हायलाय, तो तुमच्या दिराला वाढा. त्येला तुमच्या हातचं कच्चंबी गोड लागतंय."

(हसण्याचा आवाज. तो पूर्ण ऐकू द्यावा.)

शेजारची बाई थोरलीला कोपरानं ढोसते. कोपरखळी हा शब्द कुठून आला, हे या एका दृश्यात सापडतं. इजा करायची नाही, फक्त 'कळलं का' एवढं विचारायचं.

इथं जे झालं ती थट्टा. मस्करीही म्हणता येईल. थोरलीला बोलायचा हक्क होता, धाकटीला उलट बोलायचा तेवढाच हक्क होता आणि शेवटी दोघी हसल्या. आपल्याकडं थट्टेची नाती ठरलेली असतात : दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, जावा-जावा, आजी-नातू. त्या नात्यात बोललेलं अंगाला चिकटत नाही. तेच वाक्य नात्याबाहेर गेलं की मस्करीची कुस्करी.

मस्करी हा शब्द अरबीतल्या 'मस्खरा'पासून आलाय. नक्कल, फजिती हेही तिकडचेच. हे सगळ्या महाराष्ट्रात चालतात. 'मजाक' मात्र आमच्या मराठवाड्यात जास्त कानावर येतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, सरकारी कागद उर्दूत आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवणंही उर्दूत. तिथून हा शब्द बांधावर आला आणि मराठी झाला. मजाकचा मुळातला अर्थ चव. रोडग्याच्या विस्तवाजवळ बसून हे कळलं, याचा मला फार आनंद झाला.

(दृश्य : पंगत. तुपाची वाटी, वाढणारे दोन हात, हिरव्या बांगड्या.)

पंगत बसली. वांग्याची भाजी, वरण, फोडलेला रोडगा. तूप वाढायला नवी सून उभी आहे. एका ताटात धार जरा जास्त गेली.

सासूबाई तिला काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलल्या शेजारी बसलेल्या आपल्या लेकीला : "बाई, तूप बघून वाढावं गं. पर ज्येनी घरी बघितलंच नाही, त्येला मोल कसं कळंल?"

लेकी बोले, सुने लागे. म्हण आपण सगळे शाळेत पाठ करतो. ती घडताना मी पहिल्यांदाच कॅमेऱ्यातून पाहिली.

(दृश्य : हात. फक्त हात. बारा सेकंद. निवेदन नाही.)

चेहरा आम्ही घेतला नाही.

हा टोमणा. त्यात माहेर काढलं, तेव्हा तो हिणवण्यापर्यंत गेला. आणि पंगतीतल्या एका बाईच्या नाकपुड्या किंचित फुलल्या, नजर तिरकी झाली, मान खांद्यात गेली. नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. त्यातल्या उपहसिताची लक्षणं नेमकी हीच आहेत. फुललेलं नाक, वाकडी नजर, आखडलेलं अंग. आपला 'उपहास' त्याच घराण्यातला. म्हणजे उपहास करायला तोंडही उघडावं लागत नाही.

मग उपरोध वेगळा कसा? संस्कृतात उपरोध म्हणजे अडवणूक. मराठीत तो झाला उलट अर्थानं बोलणं. थोरलीचं 'देवापुढं ठेवा' हा उपरोध होता. त्याचा रोख करपलेल्या रोडग्यावर होता, धाकटीच्या जन्मावर नव्हता. उपरोधानं माणसाच्या वागण्यावर बोट ठेवलं जातं, उपहास अख्ख्या माणसालाच खाली बसवतो. सासूबाईंच्या बोलण्यात उपरोध शोधू नका, तो नाही.

टवाळीला तर एकटा माणूस पुरत नाही, टोळकं लागतं. चेष्टा म्हणजे मुळात नुसती हालचाल, हावभाव. तिला 'कु' लागला की कुचेष्टा, आणि त्या एका अक्षरात आतली बुद्धी कळते. नक्कल करमणुकीसाठी, विडंबन काही सांगण्यासाठी. आणि विडंबनाच्या शेजारचीच विटंबना म्हणजे माणसाची अब्रू चव्हाट्यावर. हेटाळणी मराठवाड्याच्या पोरांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही : शहरातल्या वसतिगृहात 'का' ऐवजी आपलं 'काहून' म्हणालं की ती भेटते. कितीतरी जण त्यानंतर वर्गात बोलणंच सोडतात.

आणि परीक्षेच्या गाईडात लिहिलेलं असतं : उपहास, थट्टा, टिंगल, चेष्टा – समानार्थी शब्द. मोबाइलवर तर सगळ्याला एकच शब्द, 'ट्रोल'. मला हे मान्य नाही. या बायकांनी दोन तासांत जेवढे फरक पाळले, तेवढे पाळायला शब्दही तेवढेच लागतात. थट्टा आणि हिणवणं यांना एकच नाव दिलं, तर त्या सुनेनं तक्रार तरी कोणत्या शब्दात करायची?

(दृश्य : संध्याकाळ. देवळाचं अंगण. संबळ, टाळ. साडी नेसलेला भारूडकार.)

रात्री भारूड आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी लिहिलेलं, रोडग्याचंच. एक सून भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते आणि त्या बदल्यात घरातल्या एकेकाला वाटेतून दूर करायला सांगते. सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर, शेवटी नवरासुद्धा. अध्यात्मात त्याचा अर्थ वेगळा लागतो, कीर्तनकार तो समजावून सांगतात. पण अंगणात बसलेल्यांना आधी कळते ती सून. चारशे वर्षं झाली, पुरुष पदर घेऊन तिचं गाऱ्हाणं मांडतो आणि गाव हसतं.

(दृश्य : प्रेक्षकांवरून फिरणारा कॅमेरा. बायकांची बाजू.)

सासूचं कडवं आलं. थोरली हसतेय, धाकटी टाळ्या वाजवतेय. तुपावरून बोललेल्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावलाय, हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय.

सून त्यांच्या शेजारीच बसलीय. ती भारूडकाराकडं बघत नाही. ती सासूबाईंकडं बघतेय.

(संबळ. हळूहळू अंधार.)