विंचेस्टरच्या पायाखालचं पाणी

(तळघर. पाण्यात उभा पुतळा.)

हे इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथेड्रलचं, म्हणजे इथल्या बिशपच्या मुख्य चर्चचं, तळघर. हिवाळ्यात पाऊस लागून राहिला की जमिनीखालचं पाणी चढतं आणि या बुटक्या कमानींमध्ये साचतं. इथल्या लोकांना त्याचं नवल नाही. त्या पाण्यात उभा आहे तो शिल्पकार अँटनी गोर्मली यांचा १९८६ सालचा शिशाचा पुतळा. ओंजळ धरलेली, मान खाली, नजर ओंजळीतल्या पाण्यावर.

(नदीकाठ. हाय स्ट्रीट. आल्फ्रेड राजाचा पुतळा.)

लंडनहून रेल्वेने साधारण तासाभरावर, हॅम्पशर परगण्यात, इचिन नदीच्या काठी हे शहर वसलंय. नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या वेसेक्स राज्याची ही राजधानी होती. रस्त्याच्या मधोमध त्याचा ब्राँझचा पुतळा १९०१पासून उभा आहे. तलवार पात्याला धरून क्रुसासारखी उंचावलेली. दुकानांची गर्दी, दगडी वेशी, नदीवरची जुनी पाणचक्की, हे सगळं पायी फिरून बघता येतं. पण या शहराचा स्वभाव समजून घ्यायचा तर आधी त्याची जमीन बघायला हवी. नदीच्या खोऱ्यात वर माती, तिच्याखाली पीट, म्हणजे दलदलीत शतकानुशतकं कुजलेल्या झाडपाल्याचा भुसभुशीत काळा थर, आणि पीटच्या खाली घट्ट खडी. १०७९ साली बिशप वॉकेलिन याने कॅथेड्रल बांधायला घेतलं ते अशा जमिनीवर.

(मुख्य दालन. कॅमेरा खांबांवरून छताकडे.)

या टोकापासून त्या टोकापर्यंत १७० मीटर. मध्ययुगातलं इतकं लांब कॅथेड्रल दुसरं नाही. चौदाव्या शतकात या दालनाला नवं रूप द्यायचं ठरलं, तेव्हा पाथरवटांनी मूळ बांधकामातले जुने नॉर्मन खांब पाडले नाहीत. काही तासले, काहींवर नवा दगड चढवला. आज आपल्याला दिसणाऱ्या या उभ्या, बारीक, वर धावणाऱ्या रेषांच्या आत जुना जाडजूड खांब तसाच आहे.

(पश्चिमेची खिडकी. जवळून.)

ही खिडकी नीट बघा. एखादं चित्र शोधायला गेलात तर सापडणार नाही. इथे एक डोळा, तिथे दाढीचा तुकडा, मधेच कुणाच्या वस्त्राचा निळा काठ. १६४२ साली, राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धात, पार्लमेंटच्या सैनिकांनी कॅथेड्रलमध्ये घुसून खिडक्या फोडल्या. राजांच्या अस्थी ठेवलेल्या पेट्या उपसल्या आणि त्यातली हाडंच काचांवर भिरकावली. ज्या काचा उरल्या त्या लोकांनी जपून ठेवल्या. पुढे राजेशाही परतल्यावर त्या पुन्हा बसवल्या गेल्या. मूळचं चित्र जुळणं शक्यच नव्हतं, म्हणून जशा हाती आल्या तशा. संध्याकाळच्या उन्हात फरशीवर उतरलेले हे रंग त्या तुकड्यांचे आहेत.

उत्तरेच्या बाजूला लेखिका जेन ऑस्टिन यांची कबर आहे. १८१७ साली, वयाच्या ४१व्या वर्षी, इथल्याच कॉलेज स्ट्रीटवरच्या घरात त्या वारल्या. शिळेवर त्यांच्या स्वभावाची, श्रद्धेची भरभरून स्तुती आहे. कादंबऱ्यांचा उल्लेख नाही.

(पूर्वेकडचा भाग. तिरकी रेघ धरून भिंत. मग जुने फोटो.)

आता या टोकाला या. फरशीचा उतार पायांना जाणवतो, भिंती ओळंब्यात नाहीत हे नुसत्या डोळ्यांना कळतं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला कॅथेड्रल पूर्वेकडे वाढवलं, तेव्हा खडीपर्यंत खणणं बांधणाऱ्यांच्या आवाक्यात नव्हतं, कारण खणलं की पाणी. त्यांनी बीच नावाच्या झाडांचे ओंडके पीटवर आडवे पसरले आणि त्या तराफ्यावर दगडी भिंती चढवल्या. ओंडक्यांनी ते ओझं जवळपास सातशे वर्षं पेललं. १९०५च्या सुमाराला भिंती बाहेर झुकलेल्या, भेगा रुंदावलेल्या, वरून दगडाचे तुकडे पडू लागलेले. लाकडी टेकू लागले, परांच्या चढल्या.

वास्तुविशारद टॉमस जॅक्सन यांनी इंजिनिअर फ्रान्सिस फॉक्स यांना बोलावलं. भिंतीखाली अरुंद खड्डे घेऊन खडीपर्यंत जायचं आणि तिथून नवा पाया वर आणायचा असं ठरलं. पण खड्डा खडीजवळ आला की खालून पाण्याचा लोंढा यायचा. पंप लावून उपसावं, तर पाण्याबरोबर खालची बारीक रेतीही निघून येणार आणि भिंत आणखी खचणार. पाणी उपसता येत नव्हतं आणि पाण्यात बांधकाम होत नव्हतं. फॉक्स यांनी पाणबुड्या मागवला.

(पाणबुड्याच्या पोशाखातला विल्यम वॉकर. फोटो स्थिर.)

विल्यम वॉकर. अंगावर सुमारे ९० किलोचा पोशाख: पितळी शिरस्त्राण, शिशाच्या तळाचे बूट, छातीवर वजनं. सहा मीटर खोल खड्डा. कोऱ्या चहाच्या रंगाचं, गाळाने दाट झालेलं पाणी. त्यात दिव्याचा काही उपयोग नव्हता. वॉकर दिवसाचे सहा तास निव्वळ हाताच्या स्पर्शावर काम करायचा. श्वासाला हवा मिळायची ती वर उभी असलेली माणसं हातपंप चालवत राहिली तर.

तळाशी उरलेलं पीट काढायचं. खडी लागली की वरून सोडलेली काँक्रीटची पोती एकाला एक भिडवून रचायची, फाडायची, त्यावर पुढचा थर. काँक्रीट जमलं की खालून येणारं पाणी बंद. मग खड्डा निर्धास्त उपसता यायचा आणि गवंडी उतरायचे. तळापासून ठोकळे आणि विटा रचत जुन्या भिंतीच्या बुडापर्यंत यायचं, शेवटची फट गच्च भरायची. की पुढचा खड्डा. असे २३५ खड्डे. जेवणाच्या सुट्टीत वॉकर फक्त शिरस्त्राण उतरवायचा, कारण सगळा पोशाख काढून पुन्हा चढवण्यात फार वेळ गेला असता. डोकं मोकळं झालं की पाइप पेटवायचा.

१९०६ ते १९११. काँक्रीटची २५,८०० पोती, १,१४,९०० ठोकळे, ९ लाख विटा. सुमारे दीडशे माणसं राबली: खणणारे, सुतार, गवंडी, पंपावरचे. दीडशेंमधलं एकच नाव आज लोकांना ठाऊक आहे, आणि तेही वॉकरला पाण्याखाली उतरावं लागलं म्हणून. या इमारतीबद्दल बोलताना राजांची आणि बिशपांची यादी सांगितली जाते. माझ्या मते ती यादी या पंपापाशी उभ्या असलेल्या माणसांपर्यंत यायला हवी.

(पंपाभोवतीचे कामगार. फोटोत चेहऱ्यांवर हळूहळू जवळ.)

१५ जुलै १९१२ रोजी, विंचेस्टरचा जुना बिशप संत स्विदन याच्या सणाला, कृतज्ञतेची प्रार्थना झाली. राजा पाचवा जॉर्ज आला होता. वॉकरचा सन्मान झाला. १९१८च्या फ्लूच्या साथीत तो गेला. १९६४ साली त्याचा पुतळा बसवला, तो मात्र फॉक्स यांच्या चेहऱ्याचा निघाला, जुन्या फोटोत माणूस ओळखण्यात गफलत झाली होती. वॉकरचा स्वतःचा चेहरा कॅथेड्रलमध्ये आला २००१ साली.

(ग्रेट हॉल. भिंतीवरचं गोल मेज.)

टेकडीवरच्या जुन्या किल्ल्याचं हे एकच दालन शिल्लक आहे, तेराव्या शतकातलं. भिंतीवर टांगलंय ते ओकच्या लाकडाचं मेज साडेपाच मीटर रुंद, वजन १२०० किलो. दंतकथेतल्या आर्थर राजाचं म्हणून लोक बघायला येतात. लाकडाच्या वयावरून ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं ठरतं, आणि हे हिरवे-पांढरे पट्टे आठव्या हेन्रीच्या काळात रंगवलेले आहेत. सुताराचं काम म्हणून बघितलं तर ते आर्थरशिवायही बघण्यासारखं आहे.

(नदीकाठची पायवाट. सेंट क्रॉसचं प्रवेशद्वार.)

शहराच्या दक्षिणेला नदीकाठच्या कुरणांतून पायवाट जाते. १८१९च्या सप्टेंबरात कवी जॉन कीट्स इकडे फिरायला यायचा. त्याची शरद ऋतूवरची कविता इथलीच. दीड-एक किलोमीटरवर सेंट क्रॉस. बाराव्या शतकात बिशप हेन्री ऑफ ब्ल्वा याने गोरगरिबांसाठी स्थापन केलेली ही संस्था अजून चालू आहे. काळ्या आणि लाल झग्यांतले हे वृद्ध इथले रहिवासी. आणि देवडीवर आजही वाटसरूला पावाचा तुकडा आणि घोटभर बिअर मिळते. आपणहून कुणी पुढे करत नाही. मागावी लागते.