काही लागलं तर सांगा

(दृश्य: इंदूर, सकाळ. कॉलनीच्या वळणावर कचरागाडी.)

सकाळची कचरागाडी लाऊडस्पीकरवर गाणं लावून गल्लीत शिरते. इंदूरकरांच्या कानांना ते इतकं सवयीचं झालंय की डबा घेऊन खाली जाताना ते ऐकूही येत नाही. ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या तीन वर्षांच्या मुलाला मात्र तोच आवाज सोसवत नाही. ते कान दाबतं, पलंगाखाली शिरतं, आणि पुढचा तासभर पोह्यांना तोंड लावत नाही. शेजारी विचारतात, "काय झालं हो?" आणि निघताना म्हणतात, "काही लागलं तर सांगा."

ते मनापासून म्हणतात. पण दमलेल्या आईला त्या क्षणी काय सांगावं ते सुचत नाही. म्हणून आज बघू या, कोणाकडे नेमकं काय मागायचं.

(दृश्य: स्वयंपाकघर. फ्रिजवर वही टांगलेली.)

सुरुवात एका वहीपासून. रकाने चार: वेळ, आधी काय घडलं, मुलानं काय केलं, मग आपण काय केलं. दोन आठवडे लिहा, दिवसाला तीन-चार ओळी पुरेत. "खूप रडला" या नोंदीतून काही कळत नाही. "6.10, मिक्सर लावला, डोकं भिंतीवर आपटलं, 12 मिनिटं" यातून कळतं. कारण सापडत नसेल आणि वागणं अचानक बदललं असेल, तर आधी दात, कान आणि पोट तपासून घ्या. बद्धकोष्ठाने हैराण झालेलं मूल ते बोलून सांगू शकत नाही, वागण्यातून सांगतं.

कचरागाडीचं उत्तरही त्याच वहीत आहे. गाडी साधारण ठरलेल्या वेळी येते, म्हणजे तिची आधी कल्पना देता येते. चार खऱ्या वस्तूंचे फोटो काढा: दूध, गाडी, पोहे, आंघोळ. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर वरून खाली चिकटवा, आणि एक काम झालं की तो फोटो मुलाच्याच हातानं खालच्या डब्यात टाका. चुका दोन होतात. एक, उत्साहात बारा फोटो लावले जातात. दुसरी, फोटो फक्त त्रासाच्या दिवशी निघतात, मग मुलाला फोटो दिसले की धोका वाटतो. पोह्यांचंही एक सांगायला हवं. शेव वेगळ्या वाटीत द्या. वरून घातलेली शेव पाच मिनिटांत मऊ पडते, आणि कालचा कुरकुरीत घास आज लिबलिबीत लागला की मूल पोहेच सोडून देतं.

(दृश्य: आजी आणि नातू, दोघांच्या हातात खेळण्यातली गाडी.)

"याचा बाबाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता." हे वाक्य बहुतेक मराठी घरांत ऐकू येतं. त्यावर वाद घालू नका, आजींना काम द्या. रोज 5 ते 5.20, टीव्ही बंद, मुलासमोर बसायचं. गुडघे दुखत असतील तर पलंगावर चालेल. मूल चाक फिरवत असेल तर आजींनीही दुसऱ्या गाडीचं चाक फिरवायचं. "हा रंग कुठला? काऊ कसा करतो?" अशी परीक्षा सुरू झाली की मूल पाठ फिरवतं. त्याऐवजी एखादाच शब्द म्हणायचा, "गरगर", आणि गप्प राहून मनात दहा आकडे मोजायचे. हे दहा आकडे फार अवघड असतात. उत्तर आलं नाही की आपण तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतो, आणि मुलाला पहिल्यापासून ऐकायला लागावं लागतं.

आता भाषा. पुण्यात हा प्रश्न कमी पडतो, इंदुरात रोज पडतो. घरी मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि कुणीतरी सल्ला देतं की घरातली मराठी बंद करा. आमच्या मते हा सल्ला नुकसान करतो. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजीची अंगाई आणि लाडाची हाक मराठीत आहे, ती काढून घेतली तर मुलाच्या वाट्याचं बोलणंच कमी होतं.

बोलणं शिकवणाऱ्या थेरपिस्टकडून मात्र पंधरा शब्दांची यादी मागून घ्या. शब्द दोन्ही भाषांत, चित्र एकच. सगळ्यात फसवा शब्द 'बस'. हिंदीत त्याचा अर्थ पुरे, आपल्याकडे खाली बस. सेशनमध्ये "बस" म्हटलं की खेळ संपतो, घरी "बस" म्हटलं की बसावं लागतं. घरी 'पुरे'साठी 'झालं' ठरवा आणि थेरपिस्टनाही सांगा. दुसरी गोष्ट: ऐकलं तसंच परत म्हणणारा मुलगा आईचं ऐकून "मी जेवते" म्हणतो. त्याला हसू नका, टोकू नका. त्याच्या तोंडी शोभेल तेच वाक्य आपण त्याच्या जागी म्हणायचं: "मी जेवतो." तसंच "तुला पाणी हवं का?" ऐवजी पेला पुढे करून "पाणी दे."

(दृश्य: सरकारी रुग्णालयाचा व्हरांडा, हिंदी पाट्या.)

बोलणं उशिरा येत असेल तर आधी कानांची तपासणी. त्यानंतर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. 2013 पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात जिल्हा पातळीवर 'जिला शीघ्र हस्तक्षेप केंद्र' असतं, तपासणी आणि थेरपी मोफत. अंगणवाडी ताईंकडे या केंद्रासाठी चिठ्ठी मागा. भोपाळचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं पुनर्वसन केंद्र, केंद्र सरकारचं आहे, पण सुमारे दोनशे किलोमीटर दूर. दर आठवड्याला जाणं जमणार नाही, म्हणून तिथे मूल्यमापन आणि घरी करायचा लेखी कार्यक्रम मागा.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ऑटिझम मोजायची इसा (ISAA) नावाची मोजपट्टी वापरतात: 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, वागणूक किती वेळा दिसते त्यावर. बेरीज 70 पेक्षा कमी आली तर ऑटिझम धरत नाहीत. इथे पालक संकोचानं मुलाचा चांगला दिवस सांगतात. वही पुढे करा. युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो. प्रमाणपत्र हातात आलं की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना: वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा, थेरपीही धरून. नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं, विसरलं की विमा बंद.

स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. रोजची कामं आणि हालचाली शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंद तिथे नसते, त्यांची पदवी बघा. स्टेम सेलनं ऑटिझम बरा होतो असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका, ऑटिझमसाठी तो मान्य उपचार नाही.

(दृश्य: कॉलनीचं फाटक.)

वॉचमनकडे मागायचं एवढंच: मुलाचा फोटो ओळखीचा ठेवा, मूल एकटं दिसलं तर हाका मारत मागे पळू नका, पुढे जाऊन वाट अडवा आणि फोन करा. फोन नंबर मुलाच्या खिशात नको, कपडे बदलतात. मनगटाच्या पट्ट्यावर लिहा.

आईबाबांना स्वतःला बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, मोफत, रात्रीही.

आणि अनंत चतुर्दशी. झांक्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांच्या, वाटेवर घर असेल तर रात्रभर ढोल-डीजे. कान झाकणारे मफ त्या रात्री पहिल्यांदा घालू नका, मूल ते फेकून देईल. दोन आठवडे आधीपासून रोज पाच मिनिटं, कुकरची शिट्टी व्हायच्या आत घालायची सवय लावा. आणि लांबच्या कॉलनीतल्या ज्या मावशी "काही लागलं तर सांगा" म्हणाल्या होत्या, त्यांना फोन करा: "चतुर्दशीला दुपारी चारला येतो. आतली खोली हवी, टीव्ही बंद हवा. उशी आणि चादर आम्ही आणतो."