पाळी लवकर आली म्हणून बीजं लवकर संपतात का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी घेते. "मॅडम, मला दहाव्या वर्षीच पाळी आली, मग माझी बीजं (स्त्रीबीजं) पण लवकर संपणार ना?" तर नाही. ही भीती कितीतरी जणी वर्षानुवर्षं मनात ठेवून बसतात, कोणाला विचारत नाहीत, म्हणून जरा नीट सांगते.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या ओव्हरीत, म्हणजे अंडाशयात, साधारण 60 ते 70 लाख बीजं असतात, जन्मापर्यंत 10 ते 20 लाख उरतात आणि पाळी सुरू होईपर्यंत 3-4 लाख. म्हणजे पाळीचा पत्ताच नसतो तेव्हाच बहुतेक बीजं गेलेली असतात! पुढे आयुष्यभरात ओव्हरीतून बाहेर पडतात ती जेमतेम 400-500, बाकीची आतल्या आत विरतात, आणि हे विरणं गरोदरपणात थांबत नाही की गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तरी थांबत नाही. पाळी दोन वर्षं आधी आली म्हणजे फार तर पंचवीसेक बीजं जास्त बाहेर पडली. लाखांपुढे पंचवीस काय!

पाळी कधी यायची ते ठरतं मेंदूत. मेंदूच्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागातून ठरावीक वेळाने हार्मोनचे सिग्नल सुटायला लागतात आणि त्यावर ओव्हरी कामाला लागते, आणि अंगावर पुरेशी चरबी असली की हे सिग्नल लवकर सुरू होतात. 19व्या शतकात उत्तर युरोपात मुलींना सोळाव्या-सतराव्या वर्षी पाळी यायची, आता जगात बऱ्याच ठिकाणी बारा-तेराव्या वर्षी येते, पण पाळी जायचं वय काही त्या हिशोबाने चार वर्षं अलीकडे आलेलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. 2017 मध्ये पन्नास हजारांवर बायकांचा डेटा एकत्र करून एक अभ्यास आला, त्यात अकरा किंवा त्याआधी पाळी आलेल्यांमध्ये चाळिशीच्या आत मेनोपॉज यायची, म्हणजे पाळी कायमची जायची, शक्यता 80 टक्क्यांनी जास्त दिसली. आकडा ऐकून घाबरू नका, मुळात हे शंभरात एक-दोघींनाच होतं, पाळी लवकर आलेल्यांमध्ये त्या दोन-तीन जणी होतात.

मला खरी काळजी वाटते ती उशिराची. तेरा पूर्ण झाली तरी छातीची वाढच सुरू नाही, किंवा पंधरा झाली तरी पाळी नाही, तर "येईल गं, आमच्याकडे उशिराच येते" म्हणत थांबू नका प्लीज. कधी मुलगी खूप कमी खाते, खूप व्यायाम करते आणि मेंदू सिग्नलच बंद ठेवतो. तिथे बीजं जागेवर असतात, खाणं आणि वजन सुधारलं की बऱ्याचदा पाळी येते, पुढे दिवसही राहू शकतात. पण टर्नर सिंड्रोम असेल, म्हणजे जन्मतःच एक X क्रोमोसोम नसेल किंवा अपुरा असेल, साधारण 2000-2500 मुलींत एकीला असतो, तर बीजं लहानपणीच झपाट्याने संपत असतात. तेव्हा दोन वर्षं वाट बघणं म्हणजे कधीकधी बीजं काढून साठवायची संधीच हातची जाणं.

आणि मूल व्हायला अडचण येतेय म्हणून डॉक्टरकडे जाल तेव्हा पहिली पाळी कधी आली एवढंच सांगू नका. आत्ताचं वय, पाळी नियमित आहे का, आणि आईची पाळी कितव्या वर्षी गेली, हे सांगा. आईला आजच विचारून ठेवा.