उल्हास नदी, माशांच्या बाजूने

(पहाट. कल्याणची खाडी. दुर्गाडीच्या बुरुजाखाली भरतीचं पाणी वर सरकतंय.)

वसईला समुद्रातून आत शिरलेलं हे पाणी घोडबंदर, कोलशेत, डोंबिवली अशी वळणं घेत इथवर आलं आहे. थोडा वेळ थांबेल आणि ओहोटीबरोबर मागे फिरेल. त्याच्यासोबत आलेले काही जीव मात्र मागे फिरायला आलेले नसतात. त्यांना नदी गाठायची असते.

त्यातलाच एक अहीर. सापासारखा लांब, बुळबुळीत मासा. जन्मतो खोल समुद्रात. पिल्लू काचेसारखं आरपार दिसतं. नदीच्या तोंडाशी आल्यावर ते रंग धरतं, आणि पुढची कित्येक वर्षं गोड्या पाण्यात, दगडांच्या कपारीत काढतं. वयात आलं की पुराच्या पाण्याबरोबर पुन्हा समुद्राकडे निघतं. तिथे आयुष्यात एकदाच अंडी घालायची. त्यानंतर परतीचा प्रवास नाही.

(बदलापूर. नदीकाठच्या इमारती.)

उल्हास नदीचा एक नकाशा इथे घर घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. पूररेषेचा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हापासून तर लोक त्या रेषा बारकाईने बघतात. पाणी कुठून उचलायचं, याचेही नकाशे आहेत. हे सगळे आपल्या गरजेचे. माशाला नदी कशी दिसते, हे त्यांत कुठेच नाही. माशांच्या बाजूने तसा नकाशा काढायला आम्ही पाच-सहा जण काठी, दोरी आणि मोबाइल घेऊन नदीत उतरलो आहोत.

काम मे महिन्यात सुरू होतं. नदी सगळ्यात रोडावलेली असते तेव्हाच कळतं, कुठला डोह तग धरतो. उल्हासची मुख्य धार उन्हाळ्यातही वाहते, कारण भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणारं आंध्रा धरणाचं पाणी तिला मिळतं. खरं तर ते घाटापलीकडचं पाणी, इंद्रायणीच्या वाट्याचं. उल्हासला मिळणारे ओढे मात्र कोरडे पडतात.

नदीचे आधी तुकडे करायचे. डोह, खळाळता उथळ पट्टा, संथ धार. प्रत्येक तुकड्यात काठीने खोली मोजायची. १० मीटर दोरी ताणून वाळकी काडी पाण्यात सोडायची आणि ती दोरीच्या टोकाला किती सेकंदांत पोचते ते लिहायचं; तो पाण्याचा वेग. मग तळ. चिखल आहे, वाळू आहे, गोटे आहेत की कातळ? हे नीट बघावं लागतं, कारण गोट्यांच्या फटीत अहीर दिवसभर लपतो आणि चिखलाने त्या फटी बुजल्या की त्याचं घर गेलं. काठावर उंबर, करंज उभे असतील तर तेही टिपायचं. सावलीतलं पाणी गार राहतं, आणि गार पाण्यात प्राणवायू जास्त असतो.

(पावसाचा आवाज. रात्र. शेताच्या बांधावर बॅटऱ्यांचा उजेड.)

नकाशाची दुसरी फेरी वलगणीची. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की नदीतले मासे ओढ्यांतून भातखाचरांपर्यंत चढतात, अंडी घालायला. गावागावात लोक पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन धावतात. वलगणीच्या माशांची चव आम्हालाही ठाऊक आहे, त्यामुळे कुणाला नावं ठेवायला आम्ही गेलेलो नाही. पण १ जूनपासून समुद्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते ती माशांच्या विणीसाठीही, आणि त्याच दिवसांत इथे गाभोळीने भरलेली मादी ओढ्याच्या तोंडाशीच जाळ्यात जाते. म्हणून ओढ्यांची ही तोंडं आम्ही नकाशावर लाल खुणेने दाखवतो. वयस्कर मंडळी त्यातल्या निम्म्या जागा डोळे मिटून सांगतात. काहींवर आता भराव पडला आहे. तिथेही खूण करतो.

युरोपात हे काम कायद्यानेच करावं लागतं. तिथला अहीर अतिसंकटग्रस्त आहे. २००७ मध्ये युरोपीय संघाने नियम केला: कुठली नदीखोरी अहिराचा नैसर्गिक अधिवास आहेत, हे प्रत्येक देशाने ठरवायचं. माणसाचा हात लागला नसता तर जितके मोठे अहीर समुद्राकडे गेले असते, त्यांतले वजनाने निदान ४० टक्के तरी जायला हवेत, अशी आखणी करायची. आधी घर कुठे ते शोधा, मग ते राखा. हा क्रम आम्हाला पटला.

(मोहने. बंधारा. वरच्या अंगाला जलपर्णी.)

समुद्राकडून येणाऱ्या माशाला हा बंधारा लागतो. कल्याण-डोंबिवलीच्या नळांना इथलं पाणी जातं, तो हवाच. आमच्या नोंदवहीत बंधाऱ्यासाठी वेगळं पान आहे: भिंतीवरून पाणी किती खाली पडतं, खाली उडी घेण्याइतकी खोली आहे का, कडेने वाट आहे का. अहिराचं पिल्लू उडी मारत नाही, ते चढतं. ओल्या, खडबडीत भिंतीला चिकटून, इंचाइंचाने. युरोपात अशा भिंतींवर ब्रशसारखे दाट केस बसवलेल्या उतरत्या पट्ट्या लावतात आणि पिल्लं त्यांतून वर जातात. एवढी पट्टी बसवल्याने शहराचं पाणी कमी होत नाही.

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री आम्ही इथे बॅटरी घेऊन उभे असू. भिंतीच्या कडेला, जिथे दगड ओले राहतात आणि शेवाळ धरतं, तिथे.