कुलूप भारी, पण चावी उघड्यावर

स्मार्ट बल्ब, दाराचं स्मार्ट लॉक, हालचाल टिपणारा सेन्सर, ही सगळी मंडळी हबशी, म्हणजे घरातल्या मधल्या डब्याशी, वायरलेसने बोलतात आणि ते बोलणं १२८ बिट एईएस या भक्कम पद्धतीने एन्क्रिप्ट केलेलं (सांकेतिक केलेलं) असतं, हे काही खोटं नाही. एईएस फोडायच्या भानगडीत कोणी पडतच नाही. खरी गंमत पेअरिंगच्या म्हणजे जोडणीच्या वेळी, हब नवीन डिव्हाइसला नेटवर्कची की, म्हणजे ते बोलणं उलगडायची चावी, देतो त्या काही सेकंदांत.

झिगबीचंच घ्या, म्हणजे असे बल्ब-सेन्सर ज्या वायरलेस भाषेत बोलतात तिचं. नवा बल्ब आणि हब, दोघांची आधीची ओळख नाही, मग की पाठवायची कशी? तर सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच कॉमन की ठरवली, 'झिगबीअलायन्स०९', इंग्रजीत मोजून १६ अक्षरं, आणि ही की केव्हाच जगजाहीर झालीय. म्हणजे पेअरिंग चालू असताना जवळपास कोणी स्निफर (हवेतलं बोलणं चोरून ऐकणारं यंत्र) लावून बसला की नेटवर्कची की आयती त्याच्या हातात. आता तो मुहूर्ताची वाट बघत बसेल का? छे, तो सिग्नल जॅम करतो, बल्ब ऑफलाइन दिसला की वैतागून आपणच तो काढतो आणि परत जोडतो, झालं त्याचं काम.

वायफायच्या डब्ल्यूपीएसचा, म्हणजे पासवर्डऐवजी पिन टाकून डिव्हाइस जोडायच्या सोयीचा, घोळ २०११ मध्येच बाहेर आला. पिन ८ आकडी, पण राउटर पहिले चार आकडे बरोबर की चूक ते वेगळं सांगून टाकायचा आणि शेवटचा आकडा नुसता चेकसम, म्हणजे आधीच्या आकड्यांवरून निघणारा, त्यामुळे दहा कोटी शक्यतांच्या जागी फार तर ११,००० पिन ट्राय करायचे. हा तर शुद्ध निष्काळजीपणा.

झी-वेव्ह या झिगबीसारख्याच दुसऱ्या वायरलेस भाषेच्या जुन्या एस-झिरो सुरक्षा पद्धतीमध्ये नेटवर्कची की ज्या तात्पुरत्या कीने झाकून पाठवायचे ती म्हणजे १६ बाइट नुसती शून्यं! मग एस-टू ही नवी पद्धत आली, म्हणजे एस-टू आलं, २०१७ पासून सर्टिफिकेशनला सक्तीचं, आणि ते खरंच चांगलं आहे, लॉक जोडताना स्टिकरवरचे पाच आकडे टाकावे लागतात. पण जुनी डिव्हाइस चालली पाहिजेत म्हणून एस-झिरोही ठेवलं, आणि २०१८ मध्ये रिसर्चर्सनी दाखवलं की पेअरिंगच्या सुरुवातीला लॉक 'मला एस-टू येतं' हे एन्क्रिप्शनशिवायच सांगतं, मध्ये बसलेल्या हल्लेखोराने तेवढं गाळून पुढे पाठवलं की हब निमूट एस-झिरोवर उतरतो, आणि लॉक उघडतं-लागतं अगदी पहिल्यासारखंच.